बिरूआप्पांचं अपडेट

पडद्यावर एरर आली की आपण कपाळाला हात लावतो. बिरूआप्पा चष्मा पुसायचे, टोपी सारखी करायचे, वही उघडायचे आणि ती एरर अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायचे. इंग्रजी जेमतेम, पण अक्षर सुरेख. मी घाईघाईनं एखादं बटण दाबायला गेले की नुसतं माझ्याकडे बघायचे, आणि शाळेत पोरांना दरडावणारी मी, निमूट हात मागे घ्यायचे.

"बाई, ते बोलतंय न्हवं? आधी त्याचं ऐकून घ्या."

यंत्राचं ऐकून घ्यायची ही सवय त्यांना कारखान्यातली. एमआयडीसीत तीस वर्षं त्यांनी वायरमनचं काम केलं. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातले जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले होते. आप्पांनी सत्काराची शाल नको म्हटलं आणि त्यातला एक मागून घेतला. व्हायरसनं तो वरचेवर आजारी पडायचा. मग एका मासिकाबरोबर लिनक्सची, म्हणजे सहसा व्हायरस न लागणाऱ्या सिस्टिमची, सीडी फुकट मिळाली आणि कासुर्डीतल्या त्या एकट्या घरात लिनक्स आलं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात बोलणारं असं ते एकच.

सीडीवरची सिस्टिम जुनी, ती नवी करायची तर इंटरनेट हवं. कासुर्डीत त्यांच्याकडे फोन नव्हता. यवतला आमच्याकडे फोन होता, मोडेम होता, आणि मी शाळेत विज्ञान शिकवायचे म्हणून मला सगळं येतं असा पंचक्रोशीचा समज होता. हे दोन हजार दोन-तीनच्या सुमाराचं. एका रविवारी सकाळी दहा वाजता लूनाच्या कॅरियरवर वडिलांच्या घोंगडीत गुंडाळलेला सीपीयू बांधून आप्पा दारात हजर.

"काम हाय म्हणून आलोय," उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी सांगितलं. "कामाबिगर कुणाच्या दारात जाऊ न्हाई, असं आमचा म्हातारा सांगायचा."

म्हातारा मेंढरं घेऊन गावोगाव फिरलेला. त्याच्या दृष्टीनं ते खरंच असणार. पण आप्पांनी हा नियम इतका कडक पाळला होता की गावातल्या कुणाच्या वास्तुशांतीलासुद्धा ते खिशात टेस्टर घालून जायचे. एखादा दिवा बघून द्यायचे आणि मगच पंगतीला बसायचे.

आम्ही अपडेट लावलं. डायल-अपचा तो जमाना, इंटरनेट फोनच्याच तारेवरून यायचं. पॅकेज, म्हणजे सिस्टिमचा एकेक सुटा भाग, उतरताना टक्केवारी सरकायची गोगलगायीनं. आप्पांना टक्के पटायचे नाहीत. माल पुण्याहून निघालाय आणि हायवेनं यवतला येतोय, असा त्यांचा हिशेब. वीस टक्के झाले की "हडपसर सोडलं." चाळीसला लोणी. सत्तरला उरुळी कांचन, तिथं माझा चहा.

नव्वदवर पोचलं आणि आमच्या सासूबाईंनी बारामतीच्या बहिणीला फोन लावायला रिसीव्हर उचलला. लाइन तुटली.

"कासुर्डी फाट्यावरनं माघारी गेलं," आप्पा शांतपणे म्हणाले. "माझ्याच दारावरनं."

पुन्हा जोडलं तर सिस्टिम म्हणाली, पॅकेज खराब आहे. अर्धवट आलेली फाइल तिनं पुरी समजून साठवून ठेवली होती, आणि आता उघडताना घोटाळा होत होता. त्या एकामागे चाळीस पॅकेजं खोळंबली. मी कुठंसं वाचलं होतं, जबरदस्तीनं बसवायची एक आज्ञा असते. ती टाइप करू लागले तर आप्पांनी कीबोर्डच उचलून मांडीवर घेतला.

"म्होरकं मेंढरू लंगडलं तर मागनं काठी घालून चालतं व्हय? सगळा कळप खड्ड्यात जाईल. लंगडं बाजूला काढा, जागा साफ करा, दुसरं आणा."

त्यांचं खरं होतं, हे मला पुढे पुस्तकात सापडलं. खराब फाइल साठवणीतून पुसायची, अर्धवट राहिलेली जुळणी पुरी करायला सांगायचं, आणि तेवढंच पॅकेज पुन्हा उतरवायचं. एवढंच. पण दर रविवारी एक बरं केलं की दुसरं लंगडायचं. कधी वीज जायची, कधी लाइन, कधी सासूबाईंची बहीण आजारी असायची.

असे अकरा-बारा रविवार गेले. सासूबाई पहिल्या रविवारी कुरकुरल्या होत्या, "त्यो पेटारा आणनारा आला बघ." चौथ्या रविवारपासून त्या विचारायला लागल्या, "आप्पाला वांगं चालतं का गं?" आप्पा दर वेळी "कामाला आलोय, जेवायला न्हाई" म्हणायचे आणि तीन भाकरी खायचे. मधल्या वेळात त्यांनी आमचा मिक्सर दुरुस्त केला, देवघरातला दिवा बदलला आणि आमच्या कॉम्प्युटरवरही लिनक्स चढवून दिलं. त्यांचं हसणं फार मोठं होतं, पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. मला रविवारची वाट बघायची सवय लागली.

आणि एका रविवारी सगळी पॅकेजं उतरली, बसली, एकही एरर नाही. मी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी शिरा केला. आप्पांनी सीपीयू घोंगडीत बांधला, दोनदा गाठ तपासली.

"झालं काम," म्हणाले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. तिसऱ्या रविवारी सासूबाईंनी ताट वाढून झाकून ठेवलं आणि दिवसभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. मग मी एसटीनं कासुर्डीला गेले.

आप्पा कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसले होते. मशिन चालू, वही उघडी, पान कोरं.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"झ्याक चाललंय. कुठं अडत न्हाई की काय न्हाई." ते पडद्याकडे बघत राहिले. "आता ते काहीच बोलत न्हाई, बाई."

मी म्हटलं, "आप्पा, रविवारी घरी या. सासूबाई वाट बघतात."

"काय काम हाय?"

"काम काही नाही. सहजच."

ते नुसतं हसले, आणि त्या हसण्याला आवाज नव्हता. येणार नाहीत हे मला कळलं.

गुरुवारी शाळेतून आल्यावर मी आमचा कॉम्प्युटर लावला. साठवणीतल्या एका पॅकेजची फाइल शोधली, तिचा निम्मा भाग कापून टाकला आणि तेच पॅकेज पुन्हा बसवायला घेतलं. पडदाभर एरर आल्या. इतका आनंद मला दहावीच्या निकालालासुद्धा झाला नव्हता. कासुर्डीला जाणाऱ्या दूधवाल्याकडे निरोप दिला, आप्पा, आमचं मशिन बिघडलंय, काही सुचेना.

रविवारी पावणेदहालाच लूना वाजली. आप्पांनी चष्मा पुसला, टोपी सारखी केली, एरर वहीत उतरवली. मग साठवणीत जाऊन त्या फाइलचा आकार बघितला. पुन्हा बघितला. कागदावर काहीतरी भागाकार केला आणि पेन खाली ठेवलं.

"बरोब्बर निम्मी हाय," ते हळूच म्हणाले. "लाइन अशी मोजून तुटत न्हाई, बाई."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय म्हंतंय ते? व्हईल का नीट?"

आप्पांनी वही मिटली, खिशात घातली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"व्हईल की. पन लई अवघड हाय, आक्का," ते आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "चार-सहा महिन्यांचे रविवार तरी जात्यात बघा."