गठ्ठ्यांना टोचलेलं इंग्रजी

शनिवारी अकराला पेपर होता आणि फळ्यांवर इस्त्री होऊन बत्तीस गठ्ठे पडले होते. लाँड्रीवाल्या ताईंनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पेन दोनदा उघडून पाहिलं आणि नवऱ्याला बजावलं, "मी दोनपर्यंत येते. कुणी आलं तर सांगा, दोननंतर या. आणि कशाला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"मागच्या वेळी पण असंच म्हणाला होतात."

"मागच्या वेळी आग लागली होती."

"धूर होता. तोही तुमच्याच चहाच्या पातेल्याचा."

पातेलं अजून मागच्या मोरीत काळंकुट्ट पडलं होतं, त्यामुळं वाद घालण्यात अर्थ नव्हता.

ताईंचा हा तिसरा प्रयत्न होता, आणि नियमाप्रमाणं शेवटचा. मोठ्या दवाखान्यात चादरी-गणवेशांच्या खोलीवर देखरेख करायला बाई हवी होती. अट एकच, इंग्रजीच्या परीक्षेचं प्रमाणपत्र. पगार बरा होता, पण ताईंचा जीव अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत. त्या जागेला खुर्ची होती. वीस वर्षं इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून त्यांचे गुडघे हल्ली त्यांच्याआधी बोलायला लागले होते.

दोन्ही वेळा घात केला तो चौथ्या प्रश्नानं. जुळ्या भावांसारखे दिसणारे इंग्रजी शब्द, त्यांचे अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. पहिल्या वेळी ताईंच्या पाहुण्यानं जेवणानंतर डिझर्टऐवजी डेझर्ट मागितलं, म्हणजे गोड सोडून आख्खं वाळवंट खाल्लं. दुसऱ्या वेळी त्यांची नर्स पेशंट्सऐवजी वॉर्डभर पेशन्स तपासत हिंडली. रात्रवर्गाच्या मास्तरांनी बत्तीस जोड्यांची यादी हातात ठेवली आणि म्हणाले, "ताई, एवढं तोंडपाठ करा." ताईंना तोंडपाठ कधीच होत नसे. पण कुणाच्या शर्टाचं कितवं बटण तुटलंय, हे त्या झोपेतून उठवलं तरी सांगत.

मग त्यांनी यादीच दुकानात आणली. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक चिठ्ठी फाडायची, अर्धी गठ्ठ्याला टोचायची, अर्धी त्याच्या हातात द्यायची, ही जुनी पद्धत. तिच्यावर पूर्वी आकडे असत. आता ताईंनी गठ्ठ्यावर एक शब्द लिहिला आणि गिऱ्हाइकाच्या अर्ध्यावर त्याचा जुळा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात अर्थ. गिऱ्हाईक आलं की ताई त्याच्या चिठ्ठीवरचा शब्द वाचायच्या, मागं न बघता अर्थ सांगायच्या, मग त्याचा जुळा, मग जुळ्याचा अर्थ, आणि मगच कपडे. चुकल्या तर पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाइकं पाय बदलत उभी राहायची, पण जायची नाहीत. महिन्याभरात लोक येतानाच विचारू लागले, "ताई, या वेळी मला कुठला?"

हे सगळं चाललं पुढच्या काउंटरवर. नवरा मागं मशीनपाशी. त्या मशीनच्या घरघरीत त्याला बायकोची हाकसुद्धा तिसऱ्यांदा ऐकू येई, इंग्रजी कुठून येणार? मळके कपडे आत येतात आणि स्वच्छ बाहेर जातात, एवढाच त्याचा धंदा.

ताई गेल्यावर त्यानं पंधरा मिनिटं खरोखर कशाला हात लावला नाही. मग एका गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाऱ्यानं उलटली. बायकोचं अक्षर. त्यानं दुसरी उलटली, तिसरी उलटली. सगळीकडं बायकोचं अक्षर आणि अर्थ.

"आई!" तो ओरडला. "हिचा अभ्यास इथंच राहिला की गं!"

सासूबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर हँगर मोजत होत्या. त्यांनी चष्मा वर केला. "कपड्यांना टोचून ठेवला? बिचारी. टेन्शननं माणूस कुठं काय ठेवेल सांगता येत नाही."

दोघांनी मिळून भराभर बत्तीस चिठ्ठ्या काढल्या. सासूबाईंनी टाचण्यासुद्धा मोजून डबीत ठेवल्या. नवऱ्यानं सगळं एका लिफाफ्यात भरलं आणि सायकलवर टांग मारली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले बत्तीस गठ्ठे फळीवर बिनओळखीचे बसून राहिले.

तिकडं शाळेच्या हॉलमध्ये पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. पर्यवेक्षक बाई कडक. अंबाडा घट्ट, चष्म्याला साखळी, आणि प्रत्येकाचं ओळखपत्र दोनदा तपासलेलं. स्वतःच्या कॉलरवर मात्र ओळखपत्राची नुसतीच पिन होती. पण मी तुम्हाला ओळखत नाही, असं त्यांना म्हणायची छाती कुणाची? ताईंनी पहिले तीन प्रश्न उरकले होते आणि चौथ्यावर बोट ठेवलं होतं, तेवढ्यात खिडकीतून ओळखीचा आवाज आला.

"अगं! विसरलीस!"

लिफाफा गजांतून आत आला आणि बाईंच्या पायाशी पडला. नवऱ्यानं अंगठा वर केला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की ताईंना क्षणभर त्याचा रागसुद्धा येईना.

बाईंनी लिफाफा उचलला, टेबलावर उपडा केला. एक चिठ्ठी वाचली, उलटी करून वाचली. मग साखळीवरून चष्मा काढून ताईंकडं पाहिलं.

"हे काय आहे?"

"कपडे," ताई म्हणाल्या.

"हे कागद आहेत. यांच्यावर इंग्रजी शब्द आहेत आणि मागं अर्थ आहेत. याला आम्ही कॉपी म्हणतो."

"तसं दिसतं खरं. पण आमच्यात हे कपडे आहेत, बाई. लोकांचे. आमच्या ह्यांनी सगळ्या चिठ्ठ्या उपटून आणल्यात!"

खिडकीतला अंगठा हळूहळू खाली गेला.

"उत्तरपत्रिका द्या," बाई म्हणाल्या. "तिसरा प्रयत्न ना? मग संपलं."

ताई उठल्या. गुडघा कटकन वाजला, पण आवाज ठाम होता. "देते. आधी तुम्ही त्यातली कुठलीही चिठ्ठी उचला. कपडे कुणाचे ते सांगते. नाही सांगता आलं, तर पेपरही घ्या आणि मलाही हाकला."

बाईंनी एक चिठ्ठी ओढली. "इफेक्ट."

"प्लंबरभाऊंचे दोन निळे शर्ट. इफेक्ट म्हणजे परिणाम. वरच्या घरात पाइप फुटला की खालच्या घरात जे होतं ते. त्यांच्याकडं आहे ॲफेक्ट, म्हणजे परिणाम करणं. ते बहुतेकदा प्लंबरभाऊ स्वतःच करतात."

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी टेबलावर पट्टी आपटली. "हे तुम्ही आत्ता रचून सांगताय."

आणि दार ढकलून प्लंबर आत आला. हातात एक पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा नर्सचा गणवेश.

"ताई, तुमच्या सासूबाईंना म्हटलं निळे शर्ट, तर म्हणाल्या, बाबा, ओळख परीक्षेला गेलीय, तोवर हे घाल. यात माझा एक हात जात नाही!"

"भाऊ, तुमची अर्धी चिठ्ठी द्या त्यांना."

प्लंबरनं खिशातून पान्याच्या ग्रीसनं माखलेला कागद काढला. बाईंनी दोन अर्ध्या शेजारी ठेवल्या. फाटलेली कड कडेला चपखल बसली. ॲफेक्ट आणि इफेक्ट.

"एका चिठ्ठीनं काही सिद्ध होत नाही," बाई म्हणाल्या. पण पट्टी त्यांनी खाली ठेवली.

तोवर बाहेर व्हरांड्यात गलका वाढला होता. दोननंतर या, हे सांगायचं काम ज्याचं तो नवरा इथं खिडकीत होता, आणि सासूबाई येईल त्याला हॉलचा पत्ता देत होत्या. नर्स आली ती थेट प्लंबरवर.

"माझा गणवेश तुमच्या काखेत काय करतोय? एकला माझी पाळी आहे!"

"घाला की, मी कुठं अडवलंय?"

"चिठ्ठी द्या ना आधी," ताई बोलल्या. "पेशंट्स. तुमच्या गठ्ठ्यावर पेशन्स होता."

"तो दुकानातच राहिला माझा," नर्स करवादली, पण चिठ्ठी दिली. पुन्हा कड कडेला बसली.

आणखी चिठ्ठ्या निघाल्या. शिंप्याचा ॲक्सेप्ट, म्हणजे स्वीकारणं. त्याच्याकडचा एक्सेप्ट, म्हणजे वगळून. ग्रंथपालाचा क्वाएट, म्हणजे शांत. त्याच्याकडचा क्वाइट, म्हणजे बराचसा. बाई चिठ्ठी ओढत आणि ताई अडखळत नसत. एकदा मात्र ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइझपाशी त्या थांबल्या. डोळे मिटून एक अदृश्य इस्त्री दोनदा पुढं-मागं फिरवली आणि म्हणाल्या, "पहिला म्हणजे सल्ला, दुसरा म्हणजे तो देणं. बेकरीवाल्या काकांचे टॉवेल." बाकीचे परीक्षार्थी लिहायचं सोडून ऐकत होते. त्यांचाही चौथा प्रश्न तोच होता, हे बाईंच्या फार उशिरा लक्षात आलं.

"पुरे!" त्या ओरडल्या. "सगळ्यांनी माना खाली घाला. बाहेरच्यांनी बाहेर जा. आणि ही शेवटची." त्यांनी ढिगाच्या अगदी तळातली चिठ्ठी काढली. "डिस्क्रीट. कुणाचे कपडे?"

ताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"सांगा."

"नाही सांगता येणार."

"येत नाही की सांगत नाही?"

"सांगत नाही."

खिडकीत नवऱ्यानं कपाळ गजावर टेकवलं. "सांग की गं," तो पुटपुटला. "एकच तर राहिलाय."

"बघा," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात थोडं वाईट वाटल्यासारखंही होतं. "तुम्हीच म्हणाला होतात, कुठलीही उचला."

"म्हणाले होते. पेपर घ्यायचा तर घ्या," ताईंनी उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली. "अर्थ विचाराल तर सांगते. डिस्क्रीट म्हणजे जे ठाऊक आहे ते पोटात ठेवणारा, चारचौघांत न बोलणारा. त्याचा जुळा बोलायला अगदी तसाच, लिहायला वेगळा. त्याचा अर्थ सुटासुटा, वेगळा. आमच्याकडं लोकांच्या घरातलं सगळं येतं, बाई. खिशातलं, पिशवीतलं, डागांतलं. ते आम्ही बाहेर बोललो तर उद्या कुणी रुमालसुद्धा टाकणार नाही. खुर्चीसाठी मी हे बोलणार नाही. ज्यांच्या पाकिटात तो जुळा आहे, त्यांनी त्यांच्या सवडीनं बघावा."

बाई काहीतरी बोलणार होत्या. मग त्यांचा हात आपोआप स्वतःच्या पर्सकडं गेला. पर्स दोन बोटं उघडली. त्यांनी आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पर्स कट्कन बंद झाली, आणि साखळीतला चष्मा उगाचच पुसला गेला.

"चिठ्ठ्या लाँड्रीच्याच आहेत," त्या हॉलला उद्देशून म्हणाल्या. "माझी खात्री पटलीय. परीक्षार्थीचा वाया गेलेला वेळ भरून मिळेल. बसा."

ताई बसल्या. चौथा प्रश्न समोर होता आणि डोक्यात काहीच नव्हतं. बसायला खुर्ची, टेकायला पाठ, आणि बत्तीसच्या बत्तीस जोड्या गायब. त्यांनी दोन मिनिटं वाट पाहिली आणि हात वर केला.

"आता काय?"

"उभ्यानं लिहू का? बसलं की मला इंग्रजी येत नाही."

बाईंनी खिडकीजवळचं उंच टेबल दाखवलं. ताई त्याच्याशी उभ्या राहिल्या, डाव्या हातानं कागद इस्त्री करावा तसा सारखा केला आणि लिहीत सुटल्या.

संध्याकाळी पाचला दुकानात हेल्मेट घातलेली एक बाई आली. काळी काच खाली ओढलेली. गठ्ठा टाकतानाही ती अशीच आली होती आणि चिठ्ठी न वाचताच पर्समध्ये कोंबून गेली होती. तिनं न बोलता अर्धी चिठ्ठी काउंटरवर ठेवली.

"अगं बाई, ते डोक्यावरचं काढा की, उकडत असेल," सासूबाई म्हणाल्या.

"मी एका ओळखीच्या बाईंसाठी न्यायला आलेय," हेल्मेटमधून आवाज आला.

"हो का," ताई म्हणाल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा पुढं केला. कोपऱ्यातून चंदेरी टिकल्यांच्या झग्याची झालर डोकावत होती. ती त्यांनी बोटानं आत सारली. "त्यांना सांगा, खांद्याच्या टिकल्या सुटल्या होत्या, त्या परत लावल्यात. नाचताना आता पडणार नाहीत. आणि हे पिशवीत राहिलं होतं."

परीक्षा केंद्राचं ओळखपत्र होतं. फोटो ताईंनी उलटा करून ठेवला होता.

हेल्मेटवालीनं ओळखपत्र पर्समध्ये सारलं. "सांगते," आतून आवाज आला. "पेपर कसा गेला?"

"उभ्यानं गेला."

निकाल दीड महिन्यानं लागला. चौथ्या प्रश्नात पैकीच्या पैकी. ताईंना जागा मिळाली आणि जागेबरोबर खुर्चीही मिळाली, हातांची, चाकांची, गोल फिरणारी. पहिल्या दिवशी त्या तिच्यात दहा मिनिटं बसल्या. वॉर्डातून कुणीतरी विचारलं, ऑपरेशनच्या हिरव्या चादरी कुठल्या कपाटात, आणि ताईंना आठवेना. त्या उठून उभ्या राहिल्या, कपाट आठवलं, खण आठवला, चादरींची संख्यासुद्धा आठवली. तेव्हापासून खुर्ची भिंतीशी असते.

संध्याकाळी नवरा त्यांना घ्यायला येतो तो तिच्यावर बसतो. पाय उचलून एक गिरकी घेतो, मग दुसरी.

"अगं, ही फिरते!" तो रोज नव्यानं सांगतो. "हिच्यासाठी केलंस होय एवढं सगळं?"

ताई उभ्याउभ्या रजिस्टर पुरं करतात, गुडघा चोळतात आणि मान वर न करता म्हणतात, "बसा निवांत. पण कशाला हात लावायचा नाही."