धवलारणीचं नाक

दहिवलीच्या भागूबाईचं नाक चोंदलं, तेव्हा कुंभिवलीच्या चंद्राबाईच्या पोराची हळद दुसऱ्या दिवसावर आली होती. भागूबाई धवलारीण. तिच्या गळ्यातून लग्नाची गाणी, म्हणजे धवळे, निघाल्याशिवाय त्या पट्ट्यात मांडवाला कुणी मांडव म्हणत नसे. पण आता तिच्या कपाळात जातं फिरत होतं आणि एका गालाचं हाड ठणकत होतं.

"मागल्या खेपेला डाक्टरांनी काय सांगितलं व्हतं?" नवरा नागू म्हणाला. "नाकाच्या बाजूला हाडांत पोकळ्या असतात, त्यात पू साचलाय. साध्या पान्याची वाफ घ्या आन् गोळ्या संपंपर्यंत घ्या. संपवल्या?"

"दोन दिसांत बरं वाटलं. मग वाया कशाला घालवायच्या? उरलेल्या तुमच्या गुडघ्याला दिल्या की."

"माज्या गुडघ्याला?"

"मग, गुण नाय आला?"

"आला की," नागू खरं बोलून गेला आणि भांडण तिथंच हरला.

कर्जतचे डॉक्टर मात्र चिडले. "बाई, त्या गोळ्या गुडघ्याच्या नव्हत्या! अर्ध्यावर सोडल्या म्हणून दुखणं उलटलं. या खेपेला पुऱ्या घ्या. आणि चार दिवस गाणं बंद."

गाणं बंद! भागूबाईच्या मागं झेल धरायला, तिची ओळ उचलून म्हणायला, सुंदरा असायची. ती गोड आवाजात म्हणाली, "बाय, तुमी नुसत्या बसा. मी म्हनते." हे ऐकून भागूबाईचा बरा असलेला गालही ठणकला. धवलारीण एकदा बसली की तिला कायमची बसवतात. डॉक्टरांचं बोलणं तिनं कानाआड केलं आणि ती कुंभिवलीच्या मांडवात उभी राहिली.

चंद्राबाईचा पोर पोपट नवरा होऊन पाटावर बसला. आंब्याच्या पानानं त्याला हळद लावायला भागूबाई वाकली आणि गालाच्या हाडातून अशी कळ निघाली, की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्या भरल्या नाकानं तिनं धवळा धरला :

"हळद लागली गं, उंबरा झाला पिवळा,
परक्या पोरीला माये, देशील का जिव्हाळा?"

आवाज असा दाटून आला, जसा हुंदकाच. नवरीच्या घरी रडायची रीत असते. नवऱ्याच्या घरी आजवर कुणी रडलेलं नव्हतं. पण आधी चंद्राबाईनं डोळ्यांना पदर लावला, मग साऱ्या बायांनी. आई रडते हे पाहून पोपटचेही डोळे भरले. त्यानं डोळे पुसले ते हळदीच्या हातांनी, आणि मग तर त्याला थांबताच येईना.

नवरीचं घर गावातच, वरच्या आळीत. "नवरा रडतोय" ही बातमी निघाली आणि आळी चढता चढता "नवरा नाय म्हनतोय" अशी होऊन पोचली. नवरीचा बाप दामू अर्धं मुंडासं गळ्यात लोंबत असताना धावत आला.

"काय रं पोपट, माजी पोर पसंत नाय?"

"हाय की ओ!" पोपट हुंदके देत म्हणाला.

"मग रडतोस कशाला?"

"आये रडते म्हनून."

"ईनबाय, तुमी?" दामूनं चंद्राबाईला विचारलं.

"धवलारीण रडली म्हनून."

सगळा मांडव भागूबाईकडे वळला. सुंदरानं हळूच घसा साफ केला. खरं सांगावं तर जागा जाते, गप्प राहावं तर लग्न मोडतं. भागूबाईनं आंब्याचं पान ताटात ठेवलं.

"मी रडत नाय. माजं नाक भरलंय. वाकले की कळ येते न् पानी गळतं. डाक्टरांनी गाऊ नको म्हनून सांगितलं व्हतं, तरी गायले. आता सुंदरा म्हनंल." आणि ती बाजूला झाली.

दामू गोंधळला. "म्हंजी खरं कुनी रडलंच नाय?"

"वा! रडलो की समदी!" चंद्राबाई उसळली. "बायचं नाक रडलं आसंल, आमी मनानं रडलो. पोर आईचा उंबरा सोडून येनार, तिच्यापायी हितं कुनी रडाया नको?"

दामू मटकन ओट्यावर बसला. मुंडाशाच्या शेवानं त्यानं डोळे पुसले. "पोर माजी रडक्या घरात पडली," तो म्हणाला, "लय बरं झालं. आज मला झोप लागंल."

उरलेले धवळे सुंदरानं म्हटले. चंद्राबाईनं स्वतः चुलीवर पाणी ठेवलं आणि भागूबाईच्या डोक्यावरून घोंगडी पांघरली. आत वाफ, बाहेर धवळे. भागूबाईला बऱ्याच दिवसांनी कुणीतरी कुशीत घेतल्यासारखं वाटलं. या खेपेला गोळ्याही तिनं शेवटपर्यंत घेतल्या. नागूचा गुडघा आशेनं बघत राहिला.

पुढच्या महिन्यात शिळफाट्याच्या लग्नाला बोलावणं आलं ते तिलाच. नाक मोकळं, गाल हलके, आवाज झऱ्यासारखा. तोच धवळा तिनं म्हटला. बाया कोरड्या डोळ्यांनी ऐकत होत्या. एक म्हातारी मागून सुंदराच्या कानाशी लागली, पण ऐकू सगळ्यांनाच गेलं :

"आवाज बिगडला गं बायचा. कुंभिवलीला काय गायली व्हती! बायला म्हनावं, दोन धवळ्यांपुरतं तरी नाक चोंदवा की."

भागूबाई हसली. वाकून तिनं आंब्याचं पान हळदीत बुडवलं. कुठंही काही दुखलं नाही. दोन्ही नाकपुड्या भरून तिनं ओल्या हळदीचा वास घेतला आणि पुढचा धवळा उचलला.