वाघिणी कमी पडल्या

गुंडेरावकाका नमस्कार करत नाहीत. समोरच्याचा अंगठा धरतात, नख दाबून पांढरं करतात, सोडतात आणि ते पुन्हा गुलाबी झालं की खूश होऊन म्हणतात, "पोचला माल! मेहेरबानी!"

तारनाक्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दूधवाला, वॉचमन, मतं मागायला आलेला उमेदवार, कुणीही यातून सुटलेलं नाही. काका मालगाडीचे गार्ड होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या मते ड्यूटी चालूच आहे, फक्त लाइन बदलली.

"छाती म्हणजे यार्ड. तिथं हवा रक्ताच्या वाघिणींत, म्हणजे मालडब्यांत, भरायची. हृदय इंजिन. पेशी म्हणजे लहान लहान ठेसनं. माल नाही पोचला तर मरतात बिचाऱ्या. अन् परतताना गाडी रिकामी नाही यायची, हौ! तिथला धूर भरून आणायचा, नाकातून बाहेर टाकायचा."

मी पुण्याची, नोकरीसाठी इथे एकटीच राहते. पहिल्याच भेटीत त्यांनी माझा अंगठा धरला आणि कपाळावर हात मारला. नखांवर जांभळं नेलपॉलिश होतं.

"सिग्नलवरच रंग फासलास की, पोरी!"

मी हात सोडवून घेतला. खरं सांगायचं तर काका माझ्या डोक्यात जायचे.

पुढे जिना चढताना मला धाप लागू लागली. कामाचा ताण असेल, म्हणून मी चालढकल केली. एकदा तर पायरीवरच बसले. काकांनी कुठूनतरी रिमूव्हर पैदा केला आणि स्वतःच्या रुमालानं माझं नख पुसलं. दाबायची गरजच नव्हती, ते आधीच पांढरंफटक होतं. मग त्यांनी नाडी धरली.

"इंजिन पळतंय, उलट जास्तच पळतंय. वाघिणी कमी पडल्यात, पोरी. चल दवाखान्यात!"

डॉक्टरांनी तेच सांगितलं, फक्त त्यात रेल्वे नव्हती. हिमोग्लोबिन फारच खाली गेलं होतं. आणखी थांबले असते तर हृदयावर बेतलं असतं.

तीन महिन्यांनी एका दमात जिना चढून मी काकांना बिनरंगाची नखं दाखवायला गेले. माल पोचला. मग मी त्यांचाच अंगठा धरला.

काका म्हणाले, "ड्यूटीवर निघताना तुझी काकू बघायची. ती गेल्यापासून कुणी बघितलं नाही."

"स्वतःचं स्वतः बघत नाही का?"

"बघतो की. पण सांगायचं कुणाला?"

मी नख दाबलं, सोडलं. काकांनी मान दुसरीकडे वळवली होती.

"पोचला का गं?"

"पोचला, काका," मी म्हणाले. "मेहेरबानी."