चष्मेवाल्यांची दोरी

कपडे वाळवायचं मशीन बंद पडलं, तेव्हा चष्मेवाल्यांनी मुकाट्यानं मेकॅनिकला फोन केला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. त्यांनी फोन हातात घेतलाही होता. पण नेमकी त्याच वेळी त्यांची नजर गॅलरीत गेली. गॅलरीत ऊन पडलं होतं. भरपूर, आणि काहीही काम न करता.

"आपण येडे आहोत," ते बायकोला म्हणाले. "बाहेर हे एवढं ऊन, आणि आपण आत वीज जाळून टॉवेल भाजतोय."

बायको फिजिओथेरपिस्ट. सकाळपासून लोकांचे आखडलेले गुडघे वाकवून आली होती. आता नवऱ्याला वाकवायची ताकद तिच्यात नव्हती.

"मेकॅनिकला फोन करा," ती म्हणाली.

"नाही करणार. पृथ्वी तापतेय. निदान त्यात आपल्या टॉवेलांचा हात नको."

"जावईबापू बरोबर बोलताहेत," सोफ्यावरून सासूबाई म्हणाल्या. (लग्नानंतर हे वाक्य चष्मेवाल्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांच्या पुढच्या सगळ्या धाडसाचं मूळ इथं आहे.)

त्यांनी त्याच दिवशी गॅलरीत दोरी बांधली. बांधताना ते स्टुलावरून दोनदा घसरले, निश्चयावरून एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात ते एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होते. दोन्ही हातांत भिंगं, म्हणून फोन आला तो त्यांनी कोपरानं स्पीकरवर टाकला.

"मी अध्यक्षबाई बोलतेय. तुमचं सगळं रस्त्यावरून दिसतंय."

चष्मेवाल्यांनी नकळत आपल्या पँटकडे पाहिलं. गिऱ्हाइकानंही पाहिलं.

"काय दिसतंय, बाई?"

"सगळं. पट्ट्यापट्ट्यांचं. मला सांगायला लाज वाटते."

"कधीपासून दिसतंय?"

"सकाळपासून. आणि वाऱ्यानं हलतंय."

गिऱ्हाइकानं मशीनवरची हनुवटी हळूच काढून घेतली आणि "मी नंतर येतो" म्हणून ते गेलं. ते अजून आलेलं नाही.

अध्यक्षबाई म्हणजे इमारतीच्या कमिटीच्या अध्यक्ष. निवृत्त मुख्याध्यापिका. चष्मेवाल्यांची बायको लहानपणी त्यांच्याच वर्गात होती आणि बाई दिसल्या की अजूनही उठून उभी राहायची. त्या संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हाही ती उभी राहिली, आणि बाई जाईपर्यंत तशीच राहिली.

"रस्त्याच्या बाजूनं कपडे दिसता कामा नयेत, हा नियम आहे," बाई म्हणाल्या. "इमारतीची शोभा जाते."

"बाई, दिसण्याबद्दल मला सांगू नका, तो माझा धंदा आहे," चष्मेवाले म्हणाले. "दोष वस्तूत नसतो, बघणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. या एकदा दुकानात, नंबर काढून देतो."

बायकोनं डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी तोंडाला रुमाल लावला.

"उद्यापर्यंत दोरी निघाली पाहिजे," एवढंच बोलून बाई गेल्या.

"काढून टाका ना हो," दार लावून बायको म्हणाली. "मला रोज जिन्यात त्यांच्यासमोरून जावं लागतं."

"दोरी राहणार," चष्मेवाले म्हणाले. "नुसती राहणार नाही, भरलेली राहणार."

पण भरायची कशानं? घरात माणसं तीन, अंगावरचे कपडे उतरून उतरून किती उतरणार? दोन दिवसांत दोरी ओकीबोकी दिसायला लागली. ही माघार वाटेल, अशी धास्ती चष्मेवाल्यांना पडली. मग त्यांनी कपाटातल्या चादरी काढून धुतल्या. मग पडदे. मग ठेवणीतले स्वेटर. बायको कामावरून परतली तेव्हा वॉशिंग मशीन तिसऱ्यांदा घरघरत होतं.

"हे तर धुतलेलेच कपडे आहेत," ती म्हणाली.

"आंदोलनाचे आहेत."

"वीज वाचवायचं आंदोलन ना? मग हे मशीन कशावर चाललंय? आणि पाणी कुणाचं जातंय?"

 चष्मेवाल्यांनी मशीन बंद केलं आणि आतला पडदा हातानं पिळत बसले. त्या पाण्यानं त्यांनी गॅलरी पुसली. थोडं पाणी झिरपून खालच्या मजल्यावर गेलं आणि तिथूनही एक तक्रार आली.

बाईंनी दोरी सोडायला वॉचमनला पाठवलं. गॅलरीत सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"सोड की," त्या म्हणाल्या. "पण दोरीवर माझे गाऊन आहेत. ते तू काढणार, का बाईंना बोलावतोस?"

वॉचमननं गाऊनांकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि आल्या पावली तो परत गेला. मग बाईंनी सभाच बोलावली.

सभा खाली गाड्यांच्या जागेत भरली. चष्मेवाल्यांनी भाषण पाठ केलं होतं. सुरुवात सूर्यापासून होती. सूर्यावरून ते समुद्रावर गेले, समुद्रावरून बर्फावर, आणि बर्फावर त्यांचा पाय घसरला. पुढचं काही केल्या आठवेना.

"विषयाला धरून बोलायचं नसेल तर खाली बसा," बाई म्हणाल्या.

चष्मेवाले खाली बसले. (कसे बसले हे त्यांनाच कळलं नाही. त्या आवाजापुढे बसायचंच असतं.) हरलो, असं त्यांना वाटलं. आता घरी जाऊन दोरी सोडायची, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. बायको उभी राहिली होती. बाईंना पाहून नव्हे, बोलायला.

"बाई, वर्गात दिवसा कुणी दिवा लावला की तुम्ही काय म्हणायचात?"

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "उजेड असताना दिवा लावणारा माणूस मठ्ठ, असं म्हणायचे. अजूनही म्हणते."

"मग ऊन असताना ड्रायर लावणारा?" ती म्हणाली. "ते तुम्हीच सांगा बाई. मला तुमची भीती वाटते."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"वाक्य माझंच आहे," त्या म्हणाल्या. "त्यात चूक काढता येत नाही. दोरीच्या बाजूनं कोण, हात वर करा."

एकेक करत बहुतेक सगळे हात वर झाले. शेवटचा हात बाईंचा होता. घरी जाताना बायको जिन्यात बाईंच्या पुढून गेली. चष्मेवाल्यांना त्या दिवशी तिचा जितका अभिमान वाटला तितका स्वतःचाही वाटला नाही, आणि स्वतःचा त्यांना बराच वाटतो.

पुढच्या रविवारी साऱ्या इमारतीवर दोऱ्या लागल्या. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी तर डबलबेडच्या चादरी सोडल्या. त्या थेट चष्मेवाल्यांच्या गॅलरीसमोर लोंबायला लागल्या आणि गॅलरीतलं ऊन जे गेलं ते संध्याकाळपर्यंत आलंच नाही. चष्मेवाले तावातावानं वर गेले. आजोबांनी त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले. "तुमच्यामुळे धीर आला हो," म्हणाले आणि चहा पाजला.

"सांगितलंत त्यांना?" चष्मेवाले खाली आल्यावर बायकोनं विचारलं.

"सांगितलं."

"काय?"

"आणखी एक दोरी बांधा म्हटलं."

सोमवारी सकाळी त्यांचे सगळे शर्ट ओलेच होते.

"राहू देत ओले," चष्मेवाले छाती काढून म्हणाले. "कपड्यांचं काय एवढं? शेवटी तत्त्व महत्त्वाचं."

"मग आज दुकानात तेच घालून जा," बायको म्हणाली.