शहाणपणाची अंडी

शाळेतून फोन आला तेव्हा अंडेराव एका दुकानदाराला आपल्या कंपनीची अंडी किती निर्मळ, किती निर्दोष आणि किती पौष्टिक आहेत हे सांगत होते. अंडेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण माणसाने इतकी वर्षं अंडीच विकली की खरं नाव आठवायला बायकोलाही जरा वेळ लागतो. दुकानदाराने विचारलं होतं, "यात ते इंजेक्शन-बिंजेक्शन काही नसतं ना हो?" अंडेरावांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "अहो, माझी स्वतःची मुलगी खाते!" आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला.

"चिमीचे बाबा ना? मी तिच्या वर्गाची बाई बोलतेय. मुद्दाम फोन केला. तुमची मुलगी ना, आमच्या वर्गात सगळ्यांच्या आधी शहाणी झाली हो!"

"काय?"

"हो ना! आज बाकीच्या मुली नुसत्या तोंडाला रुमाल लावून खिदळत होत्या, आणि ही एकटी शांत. मला फार कौतुक वाटलं. बरं, ठेवते, घंटा झाली."

अंडेराव म्हणाले, "बरं बरं. आभारी आहे." आणि दुकानातल्या पोत्यावर बसले.

आता शहाणी झाली म्हणजे अक्कल आली, समज आली, असा सरळ अर्थ तुम्ही-आम्ही करू. पण अंडेराव ज्या घरात वाढले तिथे पोरीला अक्कल आल्याची बातमी कुणी कुणाला कधी दिलीच नव्हती. तिथे पाळी हा शब्द भिंतीलाही ऐकू जाता कामा नये असा दंडक होता. मुलगी वयात आली की बायका एकमेकींच्या कानात म्हणायच्या, "शहाणी झाली," आणि पुरुषमाणसं एकदम वर्तमानपत्र वाचायला लागायची. अंडेरावांच्या डोक्यात तो शब्द तेवढ्याच अर्थाने रुजलेला. आणि चिमी तर जेमतेम चौथीत!

बाईंना उलट फोन करून "म्हणजे नक्की काय झालं?" एवढं विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण असलं विचारायचं कसं? एका बाईमाणसाला? दुकानात उभं राहून? छे! अंडेरावांनी त्याऐवजी बायकोला फोन लावला. ती हिशेब तपासायच्या कामाला परगावी गेली होती आणि आठवडा संपेस्तोवर येणार नव्हती.

"अगं, चिमीचं... ते झालं."

"काय झालं?"

"तेच."

"तेच म्हणजे कुठलं तेच?"

"अगं तेच ते!"

"गॅस संपला का? मागे दुसरा सिलिंडर आहे, लावून घे. मी मीटिंगमध्ये आहे." आणि फोन बंद.

मग उरली ताई. अंडेरावांची थोरली बहीण त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची आणि जगातल्या यच्चयावत विषयांवर तिला काही ना काही आलेलं असायचं. वाचलेलं नव्हे, आलेलं. फोनवर. अंडेरावांनी मान खाली घालून, तिच्या पायपुसण्याकडे बघत, कसंबसं सांगितलं.

"मी म्हणतच होते!" ताई म्हणाली. ती काहीच म्हणत नव्हती, पण ते असो. "सगळा खाण्याचा दोष. अंडी, चिकन, दूध. हल्ली पोरी लवकर शहाण्या होतात त्या यानेच. मला आलं होतं ते."

"कुठून आलं होतं?"

"आलं होतं म्हणजे आलं होतं! फोटोसकट होतं. आणि तू तर बाबा, घरात अंड्यांची खाणच उघडून ठेवलीयस. कंपनीकडून फुकट मिळतात म्हणून पोरीच्या घशात कोंबलीस!"

खरंच होतं ते. ट्रेवर ट्रे घरी यायचे. आपणच आपल्या लेकीचं बालपण उकडून, सोलून, मीठ लावून खाऊ घातलं, असं त्यांना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले. माणूस वाईट नव्हता हो. लेकीवर जीव होता. फक्त तोंड उघडायची लाज होती.

"मग आता खायला काय देऊ?"

"बिस्किटं दे. चॉकलेटं दे. ज्यूसची खोकी मिळतात ती दे. सगळं पाकीटबंद, शुद्ध, कुणाचा हात लागलेला नाही. आणि ते मैदानावर हुंदडणं बंद. अंगात उष्णता वाढते त्याने. टीव्हीसमोर गप्प बसवून ठेव."

"आणि घरातली अंडी?"

"ती दे इकडे. फेकायची कशाला? माझ्याकडे कुठे पोरगी आहे?"

अशा रीतीने फ्रिजमधून अंडी गेली, दूध गेलं, चिकन गेलं, आणि संध्याकाळी ताईच्या घरातून खमंग ऑम्लेटचा वास जिन्याने खाली येऊ लागला. खाली चिमी सोफ्यावर बसली होती. पायात खेळायचे बूट, मांडीवर बिस्किटांचा पुडा.

"बाबा, आज मॅच आहे माझी!"

"आता मॅच-बिच नाही. तू आता... मोठी झालीस."

"कधी?"

अंडेरावांनी वर्तमानपत्र उघडलं. घराण्याची रीतच ती.

पण त्यांचं लक्ष सगळं तिच्याकडे. तिने डबा स्वतःहून धुतला. अंडेराव मनात म्हणाले, लक्षण. तिने खोलीचं दार लावलं, लक्षण. थोड्या वेळाने ती पोट धरून बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, पोटात दुखतंय." मग तर शंकाच उरली नाही. अंडेरावांनी धावपळ करून गरम पाण्याची पिशवी आणली, उशी आणली, आणि तोंड भिंतीकडे करून विचारलं, "फार... फार दुखतंय का गं?"

"दुखणारच! दोन पुडे बिस्किटं खाल्लीत. घरात दुसरं काही ठेवलंयस का तू?"

तरी अंडेरावांच्या डोक्यात उजेड पडला नाही. एकदा गैरसमज बसला की माणूस पुरावे आपोआप गोळा करतो. चिमी झोपली आणि त्यांना अगदी राहवेना. ताईशी बोलावं तर ती आता मालिका बघत असणार, मध्ये बोललेलं तिला चालत नाही. म्हणून त्यांनी तिला बोलका निरोप पाठवायचं ठरवलं. फोन तोंडाशी धरला आणि भरल्या गळ्याने बोलले:

"तुझं म्हणणं पटलं बघ. इतकी वर्षं मी घरात आपल्या कंपनीचीच अंडी खाऊ घातली. सकाळी उकडून, संध्याकाळी ऑम्लेट. त्याचाच हा परिणाम! पोरगी अजून चौथीत आहे आणि शहाणी झाली! वर्गात सगळ्यात पहिली! बाईंचा स्वतःहून फोन आला. मला तर... मला तर रडूच येतंय गं."

शेवटी खरंच हुंदका आला. डोळ्यांत पाणी असलं की कोणत्या नावावर बोट पडलं ते दिसत नाही. निरोप ताईला गेलाच नाही. तो गेला कंपनीच्या सगळ्या विक्रेत्यांच्या गटावर, जिथे झाडून सगळे दुकानदार, सगळे वितरक आणि खुद्द मोठे साहेब होते.

सकाळी फोन बघितला आणि अंडेराव ताडकन उठून बसले. गेली नोकरी! अंड्यांच्या कंपनीत राहून अंड्यांवर असं जाहीर बालंट! त्यांनी पहिला निरोप उघडला.

"अभिनंदन अंडेराव!! पेढे पाहिजेत!"

अंडेराव हबकले. असल्या गोष्टीचं अभिनंदन करतात? चारचौघांत? निर्लज्ज कुठला! पुढचा निरोप कालच्याच दुकानदाराचा होता. "तुमचा हुंदका ऐकून आमच्या घरीही डोळ्यांत पाणी आलं. बाप असावा तर असा. दहा ट्रे जास्तीचे पाठवा." त्याखाली आणखी एकाचा, "शहाणं व्हायला साधारण किती दिवस लागतात? गिऱ्हाईक विचारतंय." आणि त्याच्याखाली, "मुलांवर पण चालतं का? आमचा दहावीला पुन्हा बसलाय."

तेव्हा कुठे अंडेरावांच्या लक्षात आलं की त्यांच्या घरचा अर्थ कुणाच्याच घरी पोचला नव्हता. लोकांनी तो शब्द आपल्या सोयीने घेतला होता. अंडी खा आणि हुशार व्हा! त्यांना हायसं वाटलं, मग लाज वाटली, आणि मग ऑफिसात पोचल्यावर यातलं काहीच वाटायला सवड मिळाली नाही. मोठ्या साहेबांनी त्यांना दारातच मिठी मारली.

"काय आवाज! काय भावना! अहो, जाहिरातवाले लाखो रुपये घेतात आणि त्यांना एक अश्रू काढता येत नाही. हे बघा, कालच्या रात्रीत करून घेतलं." साहेबांनी टेबलावर एक रंगीत कागद पसरला. प्रत्येक ट्रेवर चिकटवायचा. वर ठसठशीत अक्षरं: 'मुलगी लवकर शहाणी झाली! गुपित? आमची अंडी!' आणि खाली एक रिकामा चौकोन. "इथे तुमच्या मुलीचा फोटो. उद्या सकाळी छपाईला जातंय. आणि विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी आहे, ती कुणासाठी आहे हे मी आत्ता बोलत नाही."

विभागप्रमुख! इतकी वर्षं याच्या-त्याच्या दुकानात पोत्यांवर बसून काढली होती. खुर्ची, तीही फिरती! ते "नको" म्हणायला गेले आणि तोंडातून "बरं साहेब" निघालं.

संध्याकाळी त्यांनी तो कागद चिमीसमोर ठेवला. चिमीने तो वाचला. पुन्हा वाचला. मग तिचा चेहरा पडला.

"बाबा, याचा अर्थ काय होतो माहितीये तुला?"

"हुशार झाली, असा."

"दुसरा पण होतो." ती अगदी साधेपणाने म्हणाली. "काल वर्गात डॉक्टरबाई आल्या होत्या पाळीबद्दल सांगायला. त्या म्हणाल्या, पूर्वी लोक पाळीला पाळी म्हणायला लाजायचे म्हणून शहाणी झाली म्हणायचे. सगळ्या वर्गाने ऐकलंय. आता माझा फोटो लावून हे ट्रेवर चिकटवणार? सगळी शाळा चिडवेल मला! दुकानात गेलं तरी लोक हसतील!"

अंडेराव वर्तमानपत्र शोधू लागले. ते सकाळी ताईकडे पाठवलेल्या नव्या ट्रेला गुंडाळलं होतं. आता पळायला जागा नव्हती.

"म्हणजे तुझं..." त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं, "तुझं अजून... ते..."

"पाळी? नाही आलेली. येईल तेव्हा सांगीन की. डॉक्टरबाईंनी विचारलं, कुणाला काही शंका? सगळ्या खिदळत होत्या. मीच एकटीने हात वर केला, म्हणून बाईंनी शाबासकी दिली. तुला फोन करणार म्हणाल्या होत्या."

"कसली शंका विचारलीस?"

"विचारलं की अंड्याने लवकर येते का. आत्याने फोनवर आलेलं दाखवलं होतं ना."

"मग?" अंडेराव पुढे सरकले. "काय म्हणाल्या?"

"हसल्या. म्हणाल्या, अंडं खा, दूध पी, भाज्या खा, भरपूर खेळ. सारखं पाकिटातलं गोड खाऊन टीव्हीपुढे बसलं आणि वजन फार वाढलं, तर लवकर येऊ शकते. फारच लवकर आलं काही तर डॉक्टरांना दाखवायचं, घाबरायचं नाही." तिने सोफ्यावरच्या बिस्किटांच्या पुड्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरले. "तू मला सरळ विचारलं का नाहीस? माझी मॅच गेली. आणि आता हा फोटो. बाबा, मला नाही जायचं त्या ट्रेवर. प्लीज!"

अंडेरावांना त्या रात्री खुर्चीचं स्वप्न पडलं नाही, कारण झोपच लागली नाही. खुर्ची सोडावी असं वाटत होतं, सोडवत नव्हती. आणि खुर्ची सोडायची तर साहेबांना कारण सांगावं लागणार होतं. तोंडाने. शब्द उच्चारून. नोकरी जाण्याची भीती एकीकडे आणि तो एक शब्द एकीकडे, असं तोलून बघितलं तर शब्दच जड भरत होता.

पण सकाळी शाळेत जाताना चिमीने नेहमीसारखा मागे वळून हातही हलवला नाही. मग अंडेराव उठले, कागद खिशात घातला आणि तडक साहेबांच्या खोलीत शिरले. तिथे छापखान्याचा माणूस नमुने घेऊन बसला होता आणि हिशेबनीस बाई सही घ्यायला उभ्या होत्या.

"साहेब, हा कागद छापायचा नाही."

"का? फोटो चांगला आला नाही?"

"फोटो देणार नाही. माझी मुलगी हुशार झाली असं मी म्हटलंच नव्हतं. मी म्हणत होतो, तिची..." अंडेरावांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी डोळे मिटले आणि परीक्षेत पाठ केलेलं म्हणतात तसं एका दमात म्हणाले, "तिची पाळी सुरू झाली! आपल्या अंड्यांमुळे लवकर झाली असं मला वाटलं. झालेली नाही. आणि अंड्यांमुळे होतही नाही. तुमच्या त्या वाक्याचा हाच अर्थ अर्धं गाव लावेल. खुर्ची नको मला."

छापखान्याचा माणूस छताकडे बघू लागला. हिशेबनीस बाई मात्र सरळ साहेबांकडे बघत म्हणाल्या, "मला पहिल्यांदा वाचलं तेव्हाच तसं वाटलं होतं. मला कुणी विचारलं नाही." आणि सही न घेताच बाहेर गेल्या.

साहेबांनी छापखान्याच्या माणसालाही हाताने बाहेर जायची खूण केली. उठले. दार लावलं. कडी घातली. पडदा ओढला. अंडेरावांनी मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवायला घेतला.

साहेब परत आले, अंडेरावांच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "नक्की होत नाही ना हो अंड्यांनी?"

"काय?"

"अहो, मला पण आलं होतं ते. फोटोसकट. धाकटी माझी आठ वर्षांची. तेव्हापासून घरात एक अंडं येऊ दिलेलं नाही मी. बायकोला सांगितलंय की मला वासाने मळमळतं."

ज्या माणसाने आयुष्यभर जगाला अंडी खाऊ घातली त्याच्या घरात अंडं बंद! अंडेरावांना हसू आलं, रागही आला, आणि आपलीही कालपर्यंत हीच गत होती म्हणून हसू त्यांनी आवरलं.

"साहेब, मुलीलाच विचारा ना. आजकाल शाळेत सगळं शिकवतात. त्यांना आपल्यासारखी लाज नाही वाटत."

"मी? मी विचारू?" साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी ग्लासभर पाणी घटाघटा प्यायलं, फोन काढला, घरचा नंबर लावला आणि फोन अंडेरावांच्या हातात कोंबला.

"तुम्हीच विचारा. तुम्हाला आता सवय झालीय."