वारघडे सरांचा पंप

आमच्या कॉलेजातल्या वारघडे सरांच्या छत्रीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर लिहिलेला आहे. डब्यावर आहे, चष्म्याच्या घरावर आहे. एकदा मी त्यांच्या चपलांवरही पाहिला, डावी-उजवीला वेगळा.

याचं मूळ सरकारी अनुदानात आहे. मुरबाडच्या बाहेर माळावर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. मी तिथे कारकून, सर मेकॅनिकल शिकवतात. संशोधनाच्या अनुदानासाठी ते वर्षानुवर्षं अर्ज करत होते, अखेर एक मंजूर झाला. अनुदानातून घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर नंबर हवा, असा नियम. तपासणीवाल्यांना संशयच नको म्हणून सरांनी स्वतःच्या वस्तूंवरही नंबर घातले. "ही खाजगी मालिका आहे, भाऊसाहेब," मला म्हणाले. "त्यांची एकपासून, माझी हजारपासून."

दुसरा हट्ट, फॉर्ममधला रकाना रिकामा ठेवायचा नाही. रजेच्या अर्जात 'कारण' म्हणून आम्ही सगळे 'घरगुती' लिहितो. सर लिहायचे, 'पोट बिघडले, काल रात्रीची सुकट.' ऑफिसात ते मोठ्याने वाचलं जायचं. सगळ्यात जास्त मीच हसायचो.

अनुदान मिळालं ते एका पंपाला. ओढ्याच्या वाहत्या पाण्याच्याच धक्क्यावर पाणी डोंगरावर चढवणारा पंप. वीज नको, डिझेल नको. सरांना तो उंबरमाळीच्या वर, त्यांच्या पाड्यावर बसवायचा होता. तिथे त्यांची थोरली बहीण एकटी राहते. आई गेल्यावर तिनेच सरांना वाढवलं, शिकवलं. ओढ्यावरून हंडे वाहून वाहून आता तिचे गुडघे गेलेत.

पण ऑनलाइन अर्जात 'यंत्र बसवण्याचे ठिकाण' असा रकाना होता आणि गावांच्या यादीत तो पाडाच नव्हता. दुसऱ्या कोणी फोन करून विचारलं असतं. सरांनी रकाना रिकामा नको म्हणून कॉलेजचा पत्ता टाकला. "तात्पुरता टाकलाय," म्हणाले. तात्पुरता असं लिहायला तिथे जागा नव्हती.

पंप तयार झाला, प्रयोगशाळेत बसला, त्यावर नंबर पडला. मग कळलं, तो तिथून हलवता येत नाही. आमच्याकडे ओढा कुठला? तेव्हा विजेच्या मोटरने गच्चीवरच्या टाकीत पाणी भरायचं, ते खाली सोडायचं आणि विजेशिवाय चालणाऱ्या पंपाने त्यातलं थोडं पुन्हा वर चढवायचं. तपासणीवाले आले, 'काम समाधानकारक' असा शेरा मारून गेले.

सर जागा बदलून मागणारी पत्रं लिहीत राहिले. तीन वर्षं. टाइप मीच करायचो.

दर रविवारी मात्र ते पहिल्या एसटीने कुठेतरी जायचे. सर बिनलग्नाचे, त्यामुळे पंचावन्नाव्या वर्षी त्यांचं कुठेतरी जमलंय, असं स्टाफरूमचं ठाम मत. विचारलं तर म्हणायचे, "नियमात बसतंय, काळजी नाय."

गेल्या दिवाळीनंतर उत्तर आलं. प्रकल्पाची मुदत संपली आहे, यंत्र संस्थेतच ठेवावे. सरांच्या सहीची पोच सोमवारी सकाळच्या पहिल्या टपालाने पाठवायची होती, म्हणून मी रविवारी कागदपत्रांतल्या कायमच्या पत्त्यावर निघालो. खरं सांगायचं तर सरांचं गुपित बघायची हौसही होती.

पाड्याच्या चढावर सर दिसले. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भरलेला हंडा. मला पाहून थांबले नाहीत. मी मागोमाग घरापर्यंत गेलो. त्यांनी हंडा रिकामा केला, पत्र उभ्यानेच वाचलं, पोचेवर सही करून ती मला दिली आणि पत्राची घडी खिशात घातली. "अजून दोन खेपा आहेत," म्हणाले आणि हंडा उचलून पुन्हा उतरले.

ओट्यावर त्यांची बहीण पाय लांब करून बसली होती.

"मशीन नाय येनार ना?" तिने विचारलं.

मी पोचेचा कागद पिशवीत सरकवला.

"मला ठाव हाय. दोन वरसं झाली. तरी दर ऐतवारी त्याला इचारते."

"मग सरांना दर वेळी विचारता कशाला?"

"तो येतो, पानी भरतो, न् गप बसून ऱ्हातो. लानपनापासून तसाच. मशीनीचं इचारलं का मंग बोलतो. घटकाभर बोलतो. म्हून इचारते." मग म्हणाली, "तुमी काय बोलू नका त्याला."

सर वर आले. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. त्यांनी हंडा उतरवला तशी बहीण म्हणाली, "काय रे, मशीन कवा येल?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिशावर हात ठेवून म्हणाले, "आजच पत्र आलंय, बाय." आणि तिच्या पायाशी बसून जमिनीवर बोटाने ओढा, पाइप, टाकी काढून दाखवू लागले. प्रथमच ऐकावं तशी ती मान हलवत होती.

राहिलेली खेप मी करतो म्हणालो आणि रिकामा हंडा घेऊन ओढ्याकडे उतरलो.