कंदीलवाले श्रीपतभाऊ

आमच्या श्रीपतभाऊंकडून वांगी विकत घेणं सोपं नव्हतं. कारंज्याच्या बाजारात त्यांच्या वांग्यांना जोड नव्हती. पण वांगं टोपलीत पडायच्या आधी गिऱ्हाइकाला परीक्षा द्यावी लागे.

"आधी सांग माय, चंद्र मोठा का पृथ्वी?"

उत्तर बरोबर आलं तर दोन वांगी वर. चुकलं तर भाऊ तागडी खाली ठेवत, एका हातात भोपळा घेत, दुसऱ्यात लिंबू, आणि लिंबू भोपळ्याभोवती फिरू लागे. इकडे बाईचा स्वयंपाक खोळंबलेला.

"द्या ना बाप्पा, पृथ्वीच मोठी!"

"तसं नाई. समजून म्हन!"

माझा मळा भाऊंच्या मळ्याला लागून, म्हणून हे वेड त्यांना लागलं कसं ते मी जवळून पाहिलं. बदली झालेल्या कुणा साहेबाच्या सामानाचा वाशीमला लिलाव होता. भाऊ गेले विहिरीसाठी लोखंडी रहाट आणायला आणि आले चित्रं दाखवणारा जादूचा कंदील, म्हणजे पत्र्याची एक पेटी, घेऊन. पेटीला वर धुराडं, पुढे भिंगाचं नळकांडं, सोबत काचेवरच्या चित्रांचा खोका. आत घासलेटचा दिवा लावायचा, काच सरकवायची, की समोर ताणलेल्या धोतरावर गाडीच्या चाकाएवढा चंद्र! काचांवरचं इंग्रजी भाऊंनी शाळेच्या मास्तरांकडून समजून घेतलं. इतक्यांदा घेतलं, की मास्तर बाजाराला दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागले.

भाऊंची बायको भागूवहिनी दारातूनच म्हणाल्या, "रहाट काहून नाई आनला? आता चंद्रावरून पानी शेंदू का?"

तेव्हापासून दर उन्हाळ्यात भाऊ गावोगाव निघत. गाडी माझी, बैल माझे, तोंड त्यांचं. दिवेलागण झाली की देवळापुढच्या पटांगणात धोतर ताणायचं आणि भाऊंनी हाळी द्यायची, "हे काई माह्या घरचं नाई, हे वरचं हाय! फुकट हाय, डोये उघडून पाहा!"

चंद्रावरचे खड्डे पाहून एका पाटलांनी विचारलं, "तिकडं पाटीलकी कोनाची?"

"कोनाचीच नाई. म्हून तं तिथं शांतता हाय."

धनजला तर कहर झाला. नेमका शनिवार होता आणि भाऊंनी धोतरावर शनी आणला. कडं घातलेला तो गोल पाहून सारं पटांगण चपला काढून उभं राहिलं. एक म्हातारी घरी जाऊन तेलाची वाटी घेऊन आली आणि भाऊ "अवं, अवं माय!" म्हणेपर्यंत तिनं ती शनीवर ओतलीसुद्धा. भाऊ धावत धोतरामागे गेले आणि तिथूनच ओरडले, "अरे, इकडून तं शनी लखलखून राह्यला! तेलानं उजेड आरपार आला!" मग सारा गाव धोतराच्या मागे जाऊन बसला. धोतर धुताना वहिनींनी शनीचा आणि भाऊंचा एकदमच उद्धार केला.

शेवटची काच मात्र नेहमी सूर्यग्रहणाची. ती दाखवल्याशिवाय भाऊ दिवा विझवत नसत. पोहरादेवीच्या यात्रेत माणसं भजनाकडे पांगली आणि समोर एक आजोबा व दोन शेळ्या उरल्या. भाऊंनी त्यांनाही ग्रहण समजावलं. "दिव्यासमोर सासू येऊन उभी राह्यली तं घरात अंधार पडते का नाई? चंद्र तसाच मंधात येते. सावली पडते, निंगून जाते. बस."

वहिनी हे खेळ पाहायला कधी आल्या नाहीत. एकदा मात्र आसेगावला, त्यांच्या माहेरी, भावाच्या घरी बारसं होतं. त्याच संध्याकाळी भाऊंनी मारुतीपुढे कंदील लावला. वहिनी बायकांत मागे बसल्या होत्या. चंद्र झाला, शेपटीचा तारा झाला, शेवटी ग्रहण आलं. काळा सूर्य, भोवती उजेडाची झालर. भाऊंनी सासूचा दाखला दिला, लोक हसले. हसू ओसरलं तसा मागून एक आवाज आला.

"अन् ग्रहनात एखाद्या गर्भारशीनं वांगी खुडली असली, तं?"

वहिनींचा आवाज होता तो. साऱ्या बायकांच्या माना खाली गेल्या, कारण गावाला ते ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, फक्त इतक्या वर्षांत आम्ही कुणी ते बोललो नव्हतो. वहिनींना एकच मूल झालं होतं. मुलगी. तिचा ओठ आणि टाळू दुभंगलेली. तिला दूध ओढता येईना, आणि ती गेली. पोटुशी असताना दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी वहिनींनी ग्रहणात वांगी खुडली होती. बोल लावायला सासर पुरलं नाही, माहेरही पुढे आलं.

शेळ्यांनाही ग्रहण समजावणारे भाऊ त्या दिवशी कंदील सोडून पुढे आले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "खुडली तं खुडली. सावलीनं पोराचा ओठ फाटत नाई. त्या बाईचा काई दोष नव्हता."

लोक उठून गेले. बायका वहिनींकडे न पाहता गेल्या. एक म्हातारी मावशी तेवढी थांबली, वहिनींच्या पाठीवरून हात फिरवून मग गेली. मी बैल जुंपायला वळलो. वहिनी कंदिलाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"हे मले घरी काहून नाई सांगतलं कधी?"

भाऊ काच पुसत होते. "घरी सांगतलं असतं तं तू म्हनली असती, मन राखाले बोलून राह्यले. म्हून म्हटलं, साऱ्या मुलखाले सांगतो. मुलखातून फिरत फिरत तुह्यापर्यंत येईनच."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मग जमिनीवर बसल्या, अगदी पुढे, धोतरासमोर.

"दाखवा," त्या म्हणाल्या. "मले नीट दिसलं नाई."